खर्गेश्वर मेधींचा पाठमोरा फोटो

पूबपार गावच्या वाचनालयात भिंतीवर माजी अध्यक्षांचे चार फोटो होते आणि पाचवा खिळा रिकामा होता. हा खिळा खर्गेश्वर मेधींचा. हयात असतानाच त्यांनी तो सुताराच्या मागे उभं राहून ठोकून घेतला होता, जरा वर, आता डावीकडे, अजून डावीकडे, असं सांगत. मग मागच्या माघात, बिहूचे तिळाचे लाडू डब्यात शिल्लक असतानाच, ते गेले. खिळा राहिला. फोटो मात्र नव्हता.

नव्हता म्हणजे कुठेच नव्हता. खर्गेश्वरांना फोटोचं वावडं होतं असं नाही. उलट गावात कुठे कॅमेरा निघाला की ते सर्वांआधी हजर. पण ते येत मांडणी करायला. कुणी पुढे बसायचं, कुणी मागे उभं राहायचं, कुणी पोट आत घ्यायचं, हे सगळं त्यांच्या हुकमाने व्हायचं. शेवटी ते मधल्या खुर्चीत बसत, आणि ‘थांब, मला एकदा तिकडून बघू दे’ म्हणत उठून कॅमेऱ्याच्या अलीकडे येत. नेमकं तेव्हाच बटण दाबलं जाई. वाचनालयाच्या प्रत्येक सामूहिक फोटोत पुढच्या रांगेत मधली खुर्ची रिकामी आहे आणि बाकीचे सगळे कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला, एकाच जागी, घाबरून बघताहेत.

गावात कॅमेरा एकच होता आणि तो खर्गेश्वरांच्या धाकट्या भावाकडे, थानेश्वरकडे होता. थानेश्वर वाचनालयाचा ग्रंथपाल. केस पिकले तरी आवाज कधी कुणी नीट ऐकला नव्हता. पुस्तक परत मागायचं असलं तरी तो वाचकाच्या घरासमोरून दोनदा चकरा मारून परत यायचा. अशा माणसाच्या हातून भावाचा एक फोटो निघू नये, हे गावाला समजण्यासारखं होतं. समजत नव्हतं ते हे, की त्याच माणसाने आयुष्यभर रोलमागून रोल हरगिल्यावर घालवले होते.

हरगिला, म्हणजे हाडं गिळणारा. माणसाच्या खांद्याला लागेल एवढा करकोचा. डोक्याला टक्कल, गळ्याखाली लोंबती पिशवी, मानेच्या बुडाशी पांढरा मफलर गुंडाळल्यासारखी पिसं आणि पाठीवर राखाडी कोट. चालतो तोही असा, की हात मागे बांधून कुणी चौकशीला निघालंय. गावात त्याचं कौतुक कुणालाच नव्हतं. थानेश्वरच्या अंगणातल्या कदंबावर त्यांची घरटी होती आणि खाली कुजक्या माशांचे तुकडे, हाडं, पांढरी घाण पडायची. शेजारी म्हणत, ‘थाने, लोक अंगणात तुळस लावतात, तू खाटीकखाना लावलायस.’ तो मान खाली घालून हसायचा. झाड तोडायला मात्र त्याने कधी कुऱ्हाड दिली नाही.

बरं, फोटो तरी चांगले असावेत. तेही नव्हते. कशात डोकं कापलं जाई, कशात नुसती चोच येई, कशात धुकं आणि धुक्यात एक शंका. चूक पक्ष्याची असेल असं त्याला एकदाही वाटलं नाही. तो फोटो पत्र्याच्या पेटीत टाकायचा आणि पुन्हा पाणथळावर जाऊन बसायचा.

आता बिहू तोंडावर आला होता आणि बिहूनंतर लगेच वाचनालयाचा वार्षिक दिवस. सचिव मुकुट बैश्य याने सांगून टाकलं, की त्या दिवशी खिळा रिकामा राहणार नाही. खर्गेश्वरांचा फोटो असेल तर उत्तम, नसेल तर मुकुटच्या वडिलांचा लागेल. त्यांनी वाचनालयाला काचेचं कपाट दिलं होतं, आणि त्यांचा फोटो चौकटीसकट तयार होता.

ही बातमी खर्गेश्वरांच्या बायकोला, थानेश्वरच्या तिलोत्तमा नबौला, म्हणजे वहिनीला, विहिरीवर कळली. तिने घागर भरली, घरी आणली आणि मग धाकट्या दिराच्या दारात येऊन उभी राहिली.

“थाने, माणूस गेला. आता खिळाही जायचाय म्हणे.”

एवढंच बोलून ती गेली. थानेश्वरच्या पोटात त्या दिवसापासून एक खिळा बसला.

समितीची बैठक त्याच्याच घरी भरली, कारण पेटी उचलून नेण्याची कुणाची तयारी नव्हती. समितीतले सर्वांत वृद्ध भोगराम खुरा, म्हणजे सगळ्या गावाचे काका, यांचं म्हणणं, की एवढ्या फोटोंत कुठेतरी खर्ग सापडणारच. सगळीकडे नाक खुपसणारा माणूस एखाद्या पक्ष्यामागून डोकावला नसेल असं होणार नाही. पितळी शराईत, म्हणजे पायाच्या तबकात, तामूल-पान, म्हणजे सुपारी-पान, आलं, लाल चहा आला, चटईवर वर्तमानपत्रं पसरली आणि त्यावर फोटो मांडले गेले. इतके हरगिले एका वेळी कुणी पाहिले नव्हते, आणि पाहायची कुणाला हौसही नव्हती. पण पाहता पाहता एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. समितीला जिथे तिथे खर्गेश्वर दिसायला लागले. एकाने घरट्यात वाकलेला पक्षी पाहून म्हटलं, की अध्यक्ष हिशेब तपासताना असेच वाकायचे. दुसऱ्याने बेडूक गिळणारा पक्षी पाहिला आणि त्याला मागच्या वर्षीचं समितीचं जेवण आठवलं.

शेवटी भोगराम खुरांनी एक फोटो डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा डोळ्यांशी नेला.

“हा काय खर्ग.”

फोटो मागच्या उरुकाचा होता. बिहूच्या आदल्या दिवशी, उरुकाला, सगळं गाव बांबूच्या टोपल्या घेऊन पाणथळात मासे पकडायला उतरतं. फोटोत दाट धुकं होतं, मागे कमरेभर पाण्यातली माणसं पुसट दिसत होती, आणि पुढे काठावर कुणीतरी पाठमोरं उभं होतं. टक्कल, पांढरा मफलर, राखाडी कोट. पाय लव्हाळ्यात बुडालेले. खर्गेश्वर मरणाआधी काहीच दिवस त्या काठावर उभे होते, मासा कुठे आहे ते मासेमारांना सांगत, हे सर्वांनी पाहिलं होतं.

थानेश्वर खाकरला. “खुरा, तो बहुतेक पक्षी आहे.”

“बहुतेक?” भोगराम खुरांनी मान वळवली.

जन्मात थानेश्वरने ‘बहुतेक’ न लावता एकच वाक्य उच्चारलं होतं, लग्नात, तेही पुरोहिताच्या मागून. फोटो त्याने काढला होता हे खरं. लव्हाळ्यात बसून तो हरगिल्याचीच वाट पाहत होता हेही खरं. पण धुकं होतं, भाऊही तिथेच होता, आणि बटण दाबताना नेमकं कोण समोर होतं हे आता बारा जणांसमोर छातीठोकपणे सांगायचं म्हणजे फार झालं.

मुकुट बैश्य मात्र ठाम होता. तो म्हणाला की हा सरळसरळ पक्षी आहे, चोच छातीवर टेकवलीय म्हणून दिसत नाही. त्यावर कुणीतरी म्हणालं की चोच दिसत नाही त्याअर्थी ती नाही, हे समजायला सचिव कशाला लागतो. मुकुटने पायांचा मुद्दा काढला. पाय लव्हाळ्यात आहेत, आणि तसंही खर्गचे पाय काही वेगळे नव्हते, असं भोगराम खुरा म्हणाले. थानेश्वरची मोठी पंचाईत झाली. सगळ्या खोलीत त्याला पटत होतं ते फक्त त्याच्या वैऱ्याचं. खुरा त्याच्या भावाची जागा राखत होते आणि त्यांचं त्याला एक अक्षर पटत नव्हतं.

म्हणून त्याने स्वतःहून एक सूचना केली. आयुष्यातली पहिलीच. उरुका जवळच आहे. त्याच जागी बसून तो हरगिल्याचा फोटो काढील, तसाच पाठमोरा. मग दोन्ही शेजारी ठेवले की पक्षी कसा दिसतो आणि माणूस कसा दिसतो हे लख्ख कळेल. सूचना इतकी शहाणपणाची होती की सगळ्यांनी संशयाने त्याच्याकडे पाहिलं आणि मंजूर केली.

उरुकाच्या पहाटे तो पाणथळावर गेला तेव्हा धुक्यात स्वतःचे हात दिसत नव्हते. जुनी टोपली उलटी टाकून तो लव्हाळ्यात बसला. हळूहळू माणसं आली, आरडाओरडा करत पाण्यात उतरली, आणि त्यांच्यामागून, जणू बोलावणं असल्यासारखे, हरगिले आले. ते उतरतात तेव्हा पंखांचा आवाज ओली घोंगडी झटकल्यासारखा होतो. त्यातला एक, कदंबावरचा म्हातारा असावा, काठाकाठाने चालत आला. जवळून त्याचा डोळा फिक्का, पाण्यासारखा होता, आणि मानेची कातडी विटक्या लाल रंगाची, त्यावर चार केस. त्याने चिखलात चोच खुपसली, एक मासा काढला, हवेत उडवला, झेलला, आणि पिशवी हलवत पुढे आला. मासेमारांकडे त्याने असं पाहिलं, की यांना काही जमत नाही. मग वळला, पाठ केली, चोच छातीवर टेकवली आणि उभा राहिला. त्याच जागी.

थानेश्वरने कॅमेरा डोळ्याला लावला. भिंगात ककाईदेउ, त्याचे थोरले भाऊ, उभे होते.

तोंडात तामूल होतं. भावासमोर त्याने आयुष्यात कधी तामूल चघळलं नव्हतं. त्याने ते हळूच तळहातावर काढलं, मुठीत लपवलं. मग बसून राहणंही बरं दिसेना म्हणून उठून उभा राहिला. आता बोट हलेना. पक्षी मात्र हलला नाही. या माणसाला सवड हवी आहे हे जणू त्याला ठाऊक होतं.

“ककाईदेउ,” थानेश्वर अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “जरा... असंच राहा.”

थोरल्या भावाला दिलेला हा त्याचा पहिला हुकूम. तो पाळला गेला. त्याने बटण दाबलं.

शहरातल्या स्टुडिओतून त्याने दोन्ही फोटो एकाच आकारात मोठे करून आणले, वेगवेगळ्या पाकिटांत, छातीशी धरून. बैठकीत तो काही सांगणार एवढ्यात भोगराम खुरा दोन्ही फोटो पाकिटांतून काढून उजेडात घेऊन गेले, तिथे चार लोकांनी ते हाताळले, आणि परत आले तेव्हा कुठला कुठला हे कुणालाच सांगता येईना. थानेश्वरलाही. तेच धुकं, तीच लव्हाळी, तीच पाठ. पाकिटं बिचारी रिकामी पडली होती.

“झालं,” मुकुट म्हणाला. “दोन्ही सारखे. म्हणजे दोन्ही पक्षी.”

“दोन्ही सारखे,” भोगराम खुरा म्हणाले. “म्हणजे दोन्ही खर्ग.”

थानेश्वरने हळूच सांगितलं, की एक तर या वर्षीचा आहे, आणि भाऊ जाऊन वर्ष होत आलं. खुरांनी विचारलं, की या वर्षीचा कुठला? थानेश्वरने एकाकडे बोट नेलं, मग दुसऱ्याकडे नेलं, आणि शेवटी बोट मागे घेतलं. समितीतल्या एकाने असाही विचार मांडला, की एक जिवंतपणीचा असेल आणि एक नंतरचा. खर्गेश्वरांच्या स्वभावाचा माणूस एका वर्षात देखरेख सोडील असं वाटत नाही. यावर कुणी हसलं नाही. बरेच जण विचारात पडले.

मुकुट चिडला. पण माणूस हुशार. त्याने एक तोड काढली.

थानेश्वरची बायको लाबण्य ही खर्गेश्वरांची धाकटी भावजय. आणि थोरला दीर, बोरजना, म्हणजे धाकट्या भावजयीने ज्याच्या सावलीलाही शिवायचं नाही असा माणूस. खर्गेश्वर फाटकाशी आले की मुद्दाम खोकत, आणि त्या खोकल्यासरशी लाबण्य डोक्यावरून हनुवटीपर्यंत पदर ओढून भिंतीच्या कडेने नाहीशी होई. सगळा संसार तिने असा काढला होता. मुकुट म्हणाला की विचारण्यात अर्थ नाही, विचारलं की माणसं खोटं बोलतात. तिला काही न सांगता चहा घेऊन बोलवा. फोटो समोर ठेवा. खोटं असेल तर ती सरळ चालत येईल, कारण पक्ष्यासमोर कोण तोंड झाकतं. खर्गेश्वर असतील तर तिचे हातच सांगतील.

थानेश्वरला हायसं वाटलं, आणि वाईटही. लाबण्य व्यवहारी बाई होती. रोज अंगणात त्या पक्ष्यांची घाण झाडायची. ती फसणार नव्हती. फोटो पक्ष्याचा ठरेल, खोटेपणा टळेल, आणि खिळ्यावर काचेचं कपाट देणारे गृहस्थ लागतील. नबौला काय सांगायचं याची तो मनात जुळवाजुळव करू लागला.

दोन खुर्च्यांवर दोन फोटो पाहुण्यांसारखे टेकवून ठेवले. समिती चटईवर बसली. चहाची हाक गेली.

लाबण्य आली. हातात थाळी, त्यात पेले आणि तिळाचे लाडू. बाहेरचे पुरुष बसलेले म्हणून डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडं. पहिल्या खुर्चीजवळून ती गेली. फोटोवर तिची नजर पडली, एवढं सगळ्यांनी पाहिलं. ती थांबली नाही. मुकुटने मिशीवरून हात फिरवला. मग ती दुसऱ्या खुर्चीपाशी आली.

थाळी हिंदकळली. लाबण्यने एका हाताने ती भोगराम खुरांच्या मांडीवर जवळजवळ टाकलीच, दुसऱ्या हाताने पदर हनुवटीखाली ओढला, लांबूनच जमिनीला हात लावून नमस्कार केला, आणि खुर्चीला पाठ होणार नाही अशी भिंतीला घासत, तिरकी तिरकी, दाराबाहेर गेली. आत कुठेतरी फळकूट पडल्याचा आवाज झाला.

खुरांच्या धोतरावर चहा पसरत होता.

“सचिव,” शेवटी ते म्हणाले, “ठराव लिहून घ्या.”

मुकुटला लिहावा लागला, कारण कसोटी त्याचीच होती.

वार्षिक दिवशी फोटो खिळ्यावर चढला. त्याला लाल काठाचा गामोसा, मानाचा पांढरा पंचा, घातला, खाली दिवा लावला. मुकुटने सचिव या नात्याने भाषण केलं, आणि आधी लिहून आणलेलं असल्यामुळे त्यात दिवंगत अध्यक्षांच्या करारी मुद्रेचा आणि भेदक नजरेचा उल्लेख होता. लोकांनी फोटोतल्या टकलाकडे पाहिलं आणि माना डोलावल्या.

थानेश्वर दाराआड उभा होता. तिलोत्तमा नबौ पुढे गेली आणि खूप वेळ फोटोसमोर उभी राहिली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या माणसाला वाढलं त्याची पाठ हिला कळणार नाही, हे शक्य नव्हतं. ती आता वळेल आणि सगळ्यांसमोर विचारील, थाने, हे काय आहे.

ती वळली. “थाने, कोट छान आलाय,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “पाठमोरे आहेत तेच बरं. समोरून असते तर म्हणाले असते, खिळा अजून डावीकडे हवा.” आणि तिने हात वर करून चौकट स्वतःच जरा डावीकडे सरकवली.

तिला काय कळलं आणि काय नाही, हे विचारायची थानेश्वरची छाती झाली नाही.

घरी आल्यावर मात्र त्याने बायकोला विचारलं. ती अंगणात झाडत होती. त्याने दोनदा पुस्तक उघडलं, मिटलं, आणि मग म्हणाला की तिला खरोखर त्या फोटोत ककाईदेउ दिसले का.

“मला काय माहीत ककाईदेउ कसे दिसायचे,” लाबण्य म्हणाली. “मी कधी वर बघितलं होतं? खोकला ओळखीचा, आणि पायातल्या चपला. फोटोत ना खोकला, ना चपला.”

“मग पदर कशाला ओढलास?”

तिने खराटा कदंबाकडे केला. “तो वरचा म्हातारा. वर्ष झालं त्याला, रोज सकाळी फाटकापाशी उतरतो, चोच वाजवतो, आणि मी काय करते ते बघत उभा राहतो. सगळं तसंच. म्हटलं, असले तर? नसले तर आपलं काय गेलं, पदरच ओढायचा. तेव्हापासून ओढते.”

थानेश्वरला आठवलं. वर्षभर तो तिला अंगणात सारखा पदर ओढताना पाहत होता आणि समजत होता, की वरून पडणाऱ्या घाणीसाठी.

“पण फोटो तर दोन होते,” तो म्हणाला. “पहिल्यापुढून तू सरळ गेलीस.”

लाबण्यने कीव केल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. “अहो, पहिला त्याच्या बायकोचा होता. नबौसमोर कुणी तोंड झाकतं का?”

ती पुन्हा झाडू लागली. थानेश्वर पायरीवर बसून राहिला. इतकी वर्षं त्याने ते पक्षी पाहिले होते, आणि नर कुठला नि मादी कुठली हे त्याला बहुतेक कधीच कळलं नव्हतं. बहुतेकसुद्धा नाही. कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन स्वच्छ पडलं होतं. नव्या रोलमध्ये एक फोटो उरला होता. कॅमेरा घेऊन तो अंगणात आला तेव्हा म्हातारा फाटकापाशी उतरलेलाच होता. धुकं नाही, लव्हाळी नाही. चोच, पिशवी, पाय, सगळं समोर, उजेडात. आयुष्यभर हवा होता तसा फोटो. त्याने भिंग नीट लावलं, श्वास रोखला. पक्ष्याने त्याच्याकडे पाहिलं, मान तिरकी केली, आणि हात मागे बांधल्यासारखा, सावकाश, एक एक ढांग टाकत, थेट त्याच्या दिशेने चालू लागला. चौकटीतून बाहेर पडला. थानेश्वरच्या खांद्याशी येऊन उभा राहिला आणि तो जिकडे बघत होता तिकडे बघू लागला.

नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं. रोल धुऊन आला तेव्हा फोटोत अंगण होतं, फाटक होतं, आणि फाटकापाशी लाबण्य होती, तोंडावर पदर ओढलेली, कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला वळून नमस्कार करणारी.